चव्वेचाळीस

ओळीची उंची चव्वेचाळीस.
का, ते मी विचारलं नव्हतं.
बोट टेकायला पुरते म्हणतात,
आणि यादी सरळ दिसते,
दुकानं मिटल्यावरच्या शटरांसारखी.

चाचांची वही तशी नव्हती.
लाल कापडाची, सरसाचे डाग पडलेली.
एकाची सतार दीड ओळीत उरकायची,
दुसऱ्याचा तंबोरा पान उलटून पलीकडे जायचा,
समासात घोडीचं चित्र, बाण,
आणि "हे गृहस्थ फार बोलतात, तरी ऐकणे."
मीच म्हटलं, चाचा, हे फोनवर घेऊ.
माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही होईल त्यात.

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
छताला टांगलेल्या भोपळ्यांखाली बसून
मी टेबल केलं: नाव, गाव, वाद्य, तक्रार.
मजकूर जास्त झाला की फोन
शेवटी तीन टिंबं देतो.
मला ती सभ्य वाटायची,
पाहुण्यानं दारातूनच "येतो" म्हणावं तशी.

श्रेणिक आडमुठे, कवठेपिरान. तंबोरा, बायकी.
"जवारी बंद पडली आहे, उघडून द्या असं…"

चाचांनी चष्मा वर केला, वाचलं,
कानस घेतली.
दोन दिवस
तारेखाली सुताचा जीव सरकवत
केसाएवढं घासायचं, ऐकायचं,
पुन्हा घासायचं.
तिसऱ्या दिवशी तंबोरा असा बोलला
की लाख लावणारा इम्तियाज
हात तसाच धरून उभा राहिला.

आडमुठे आले. मांडी घातली, छेडला.
बराच वेळ गप्प.
"छान झालंय," म्हणाले.
मग म्हणाले, "मी लिहिलं होतं की."

मी त्या ओळीवर टिचकी मारली.
"जवारी बंद पडली आहे, उघडून द्या असं
सगळे सांगतात. उघडू नका.
आई बस्तीत जायच्या आधी, पहाटे, असाच लावायची,
दबका,
घरातले उठू नयेत म्हणून.
भोपळ्याला भेग आहे, तेवढी सांधा."

घासलेलं हाड परत येत नाही.
चाचांनी पैसे घेतले नाहीत. रागावलेही नाहीत,
रागावले असते तर बरं.
फक्त जुनी वही
खालच्या फळीवरून वर आणून ठेवली.

टेबलाला विचारायची सवय असते,
हे मला त्या रात्री कळलं.
पडद्यावर काढण्याआधी ते प्रत्येक ओळीचं विचारतं:
ही किती उंच? आणि ही?
मी सगळ्यांना मिळून
एकच आकडा सांगून झोपी गेले होते.

आता म्हणते, थांब, मोजू दे.
रुंदी धरते, अक्षरं त्यात सोडते,
कुठे वळतात बघते,
वरचा रफार, खालचा उकार कापला जाऊ नये
म्हणून डोक्याशी आठ, पायाशी आठ.
बेडगचं भजनी मंडळ, पेटीचा भाता फुटला: चव्वेचाळीसच.
जयसिंगपूरच्या बाई आणि त्यांचा दिलरुबा: दोनशे बारा.
आडमुठे: एकशे अठ्ठावन्न.

यादी वेडीवाकडी झाली.
सर म्हणाले, एकसारखं दिसत नाही,
शिवाय भरभर सरकवलं की मध्येच हिसका बसतो.
बसतो. न पाहिलेल्या ओळींची उंची
मी अंदाजानं सांगते,
आणि अंदाज चुकतो.
तो हिसका अजून निघालेला नाही.

श्रावण संपता संपता एक नोंद आली,
कवठेपिरानहून:
"जीव काढून वाजवतो. जवळजवळ तसाच."

एका ओळीत मावली.
चाचा तिच्यावर टिचक्या मारत राहिले,
खाली अजून काही आहे का बघायला.